विद्यापीठात गाडी लावायची कुठे? सुरतच्या कॅम्पस-वाहतुकीचा आढावा

सुरतेत बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतली जलद बस, धावू लागली त्याला दशक उलटले, मेट्रोचे खांब उभे राहिले, विजेच्या बस आल्या. तरीही सकाळी साडेदहाला कोणत्याही मोठ्या शिक्षणसंस्थेच्या फाटकावर उभे राहिले तर आत शिरते ती दुचाकींची रांगच. तोंडावर ओढणी घट्ट गुंडाळून ॲक्टिव्हावर येणाऱ्या मुली, मागे मित्राला बसवून आलेली मुले, मधूनच एखादी प्राध्यापकांची कार. या गाड्यांचे करायचे काय, हा प्रश्न आता इस्टेट विभागापुरता उरलेला नाही. मूल्यांकनात त्याला गुण मिळत आले आहेत, शहराच्या वाहतूक नियोजनात त्याला जागा आहे आणि फीच्या चर्चेतही तो डोकावतो. या वादाचे वेगवेगळे पक्ष काय म्हणतात आणि त्यातले काय अजून ठरलेले नाही, हे येथे पाहू.

शहर पुढे गेले, कॅम्पस तिथेच राहिले

सुरतेचे उच्चशिक्षण पूर्वी अठवालाइन्सच्या आसपास एकवटलेले होते. सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीचे एम. टी. बी. कॉलेज १९१८ सालचे. त्याच्या शेजारी पुढे विज्ञान, वाणिज्य आणि अभियांत्रिकीची महाविद्यालये आली. हा परिसर शहराला चिकटून होता, पायी किंवा सायकलने येण्याजोगा. १९६१ मध्ये इच्छानाथला डुमस रस्त्यालगत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेच आजचे एसव्हीएनआयटी. १९६५ मध्ये दक्षिण गुजरात विद्यापीठ स्थापन झाले. कवी नर्मद यांचे नाव त्याला २००४ मध्ये मिळाले. विद्यापीठाला जागा मिळाली ती उधना-मगदल्ला रस्त्यावर, सुमारे २१० एकर. त्या काळात हा भाग शहराबाहेरच होता.

नंतर शहरच विद्यापीठाकडे चालत आले. वेसू, अलथाण, भटार या भागांत टोलेजंग इमारती उठल्या. २०११ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या ४४ लाख ६७ हजारांच्या घरात होती. एवढ्या शहराला साजेशी बससेवा मात्र बराच काळ नव्हती. शेअर रिक्षा आणि दुचाकी यांनीच ते काम निभावले. सुरतकर विद्यार्थ्याच्या दुचाकीवेडाबद्दल बोलताना हे विसरले जाते. बस नव्हती, म्हणून गाडी घेतली आणि गाडी घरात आल्यावर बसची वाट पाहण्याची सवय लागलीच नाही.

दोन प्रकारचे कॅम्पस असल्याने प्रश्नही दोन आहेत. अठवालाइन्सवर जागा नाही, म्हणून गाड्या रस्त्यावर येतात आणि मग पोलिसांची क्रेन येते. विद्यापीठात जागा भरपूर आहे, अडचण आहे ती अंतराची. पुढच्या बऱ्याच वादाचा घोळ हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होतो.

येते कोण आणि कशाने

विद्यापीठाच्या आवारात मुख्यतः पदव्युत्तर विभाग आहेत. पदवीचे बहुतेक विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. त्यामुळे आवारात येणारा विद्यार्थी विशीच्या पुढचा असतो, त्याच्याजवळ परवाना असतो आणि तो दुरून येतो. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र भरूचपासून वलसाडपर्यंत आणि पूर्वेला तापी, डांगपर्यंत पसरलेले. नवसारी, वलसाड, अंकलेश्वरकडची मुले मुख्य लोहमार्गाने, बारडोली-व्याराकडची ताप्ती लाइनने. या रोजच्या रेल्वेप्रवासाला इथे ‘अपडाऊन’ म्हणतात, आणि अपडाऊन करणाऱ्यांचे एक वेगळेच वेळापत्रक असते: पासहोल्डरांचा ठरलेला डबा, ठरलेली जागा, आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून शेवटच्या तासाला दाराजवळचे बाक. हे दोन्ही लोहमार्ग उधना जंक्शनला भेटतात. तिथून विद्यापीठ पाच-सहा किलोमीटर.

तिसरा गट शहरातलाच, पण वेगळा. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. लूम्स, डाइंग मिल, कापड मार्केट यांवर त्यांचे पोट. यातल्या पुष्कळ घरांत पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी. घरात दुचाकी एकच असेल तर ती वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या पाळीला बांधलेली असते. दिवसपाळी असली की मुलगी शेअर रिक्षा आणि बसने येते, रातपाळी असली तर गाडी घेऊन. एकच विद्यार्थिनी एका आठवड्यात ‘दुचाकीवाली’ आणि दुसऱ्यात ‘बसवाली’ असते. नियोजनाच्या तक्त्यात प्रत्येक माणसाला एकाच रकान्यात बसवतात, तेव्हा अशी माणसे निसटतात.

बीआरटी आली, तरीही

जानेवारी २०१४ मध्ये उधना दरवाजा ते सचिन या टप्प्यावर सुरत बीआरटी सुरू झाली. पुढे डुमस रिसॉर्ट ते सरथाणा हा मार्ग उधना-मगदल्ला रस्त्यावरून गेला आणि विद्यापीठाला स्वतःचा थांबा मिळाला. आज हे जाळे शंभर किलोमीटरांहून मोठे असून देशातल्या सर्वांत लांब बीआरटी जाळ्यांत त्याची गणना होते. सिटीलिंकच्या शहर बस त्याला जोडलेल्या आहेत, विद्यार्थ्यांना सवलतीचा पास आहे. कागदावर पाहिले तर विद्यापीठाच्या दाराशी जलद बस आहे. एवढे भाग्य भारतातल्या थोड्याच विद्यापीठांना लाभते. खानदेशातल्या वाचकाने जळगावचे विद्यापीठ डोळ्यांसमोर आणावे: शहराबाहेर महामार्गालगत टेकड्यांवर पसरलेले. तिथे असा थांबा असता तर किती सोय झाली असती!

पण दाराशी म्हणजे विभागाशी नव्हे. बीआरटीचा थांबा रस्त्याच्या मध्यभागी असतो. बसमधून उतरल्यावर आधी वेगाने येणाऱ्या गाड्यांची अर्धी बाजू ओलांडायची, मग फाटक, मग आतला रस्ता. २१० एकरांचे आवार चौरस धरले तर एक बाजू नऊशे मीटरच्या पुढे जाते. दूरच्या विभागापर्यंत चालायला दहा-बारा मिनिटे हमखास लागतात. नोव्हेंबरात ही रपेट सुखाची. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आणि जुलैत पाऊस आडवा येतो तेव्हा हीच दहा मिनिटे बस नको म्हणायला पुरेशी होतात. संध्याकाळी ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा आटोपून बाहेर पडणाऱ्या मुलीला त्याच रस्त्याची आणखी एक काळजी असते, ती उजेडाची.

मेट्रोनेही हे चित्र एकदम बदलणार नाही. केंद्राने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या सुरत मेट्रोच्या दोन मार्गिका मिळून ४०.३५ किलोमीटरच्या आहेत. पैकी सरथाणा ते ड्रीम सिटी ही मार्गिका अलथाण-वेसू पट्ट्यातून जाते, परंतु विद्यापीठाच्या फाटकाशी थांबत नाही. स्टेशन ते फाटक हा तुकडा कोणीतरी जोडावाच लागेल.

पहिला पक्ष: जागा आहे, पार्किंग बांधा

हा पक्ष प्रशासनात आणि पालकांत बलवान आहे आणि त्याची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्याकडच्या इमारत नियमावल्यांत उघड्यावरच्या एका कारसाठी, वळायच्या वाटेसह, २३ चौरस मीटर धरतात. छताखाली २८, तळघरात ३२. म्हणजे पाचशे कारना उघड्यावर साडेअकरा हजार चौरस मीटर, पावणेतीन एकरांच्या आसपास. दुचाकीला उभे राहायला दोन चौरस मीटर लागतात. वाट धरून तीन म्हणा. दोन हजार दुचाकींना दीड एकर पुरला. २१० एकरांत हे काहीच नाही. मग विद्यार्थ्यांना कशाला छळायचे, असा त्यांचा सवाल आहे.

याला उत्तर असे दिले जाते की पार्किंग जितके सोपे तितक्या गाड्या वाढतात. शिवाय पार्किंगची जागा एकरांत मोजून भागत नाही. झाडे कापून केलेला डांबरी पट्टा उन्हाळ्यात तापतो, पावसाळ्यात पाणी मुरू देत नाही. सगळ्यात चांगली सपाट जागा विभागांच्या पुढ्यातच लागते, कोपऱ्यातली कोणाला नको असते. बहुमजली पार्किंग सुरतेला नवे नाही. महापालिकेने बाजारपेठेच्या भागात ती बांधली आहेत. पण अठवालाइन्ससारख्या अडचणीच्या जागी त्याला जो अर्थ आहे, तो मोकळ्या आवारात उरत नाही. मला या वादात पहिल्या पक्षाची जमिनीची आकडेमोड बरोबर वाटते. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पटत नाही, कारण विद्यापीठाची अडचण मुळात जमिनीची नव्हतीच.

दुसरा पक्ष: फुकट पार्किंग फुकट नसते

या विचाराचे सर्वांत ठाम प्रवक्ते होते ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप. २००५ च्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी मांडले की मोफत पार्किंगचा खर्च गाडी न आणणाराही भरतो. कधी फीतून, कधी वस्तूच्या किमतीतून, कधी भाड्यातून. आपल्याकडे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही पार्किंगचे शुल्क जमिनीच्या खऱ्या किमतीला धरून असावे, असे सुचवले आहे.

या पक्षाची परदेशी उदाहरणे बहुधा विद्यापीठांचीच आहेत. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ मध्ये ‘यू-पास’ सुरू केला: गाडी लावणे महाग आणि बस जवळजवळ फुकट, दोन्ही एकाच वेळी. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २००३ पासून प्रत्येक विद्यार्थी फीसोबत बस पासाचे पैसे भरतो. शूप यांच्याच विद्यापीठात २००० मध्ये ओळखपत्र दाखवून बसने जाण्याची सोय झाली. पहिल्या वर्षी कॅम्पसवर बसने येण्याच्या फेऱ्या ५६ टक्क्यांनी वाढल्या आणि एकट्याने कार चालवत येणे २० टक्क्यांनी घटले. स्टॅनफर्डला २००० च्या बांधकाम परवान्यातच अट पडली की विद्यापीठ वाढले तरी गर्दीच्या वेळच्या वाहनफेऱ्या वाढता कामा नयेत. तिथे गाडी न आणणाऱ्याला रोख रक्कमही देऊ केली गेली.

हे सगळे सुरतेला जसेच्या तसे लागू होत नाही. तिथे तुलना कार आणि बस यांची होती, इथे ती दुचाकी आणि बसची आहे. दुचाकीचा दर किलोमीटरचा पेट्रोलखर्च इतका कमी आणि वेळ इतका हातातला, की दहा-वीस रुपयांच्या पावतीने माणूस बसकडे वळेल याची खात्री नाही. मग शुल्काचा भार कोणावर पडतो? कारवाल्या प्राध्यापकाला तो जाणवत नाही, डिंडोलीहून वडिलांची बाइक घेऊन आलेल्या मुलाला जाणवतो. शिवाय राजकारण आहेच. पुण्यात महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पे-अँड-पार्क धोरण मंजूर केले. विरोध एवढा झाला की ते पाच रस्त्यांवरच्या प्रयोगापुरते आखडले आणि पुढे रखडले. शहरात जे जमले नाही ते विद्यार्थी संघटनांच्या गजबजाटात कुलगुरूंनी करावे, ही अपेक्षा जड आहे.

या पक्षाचा अर्धा भाग मात्र सहज उचलता येतो, तो म्हणजे फीतच बसचा पास. विद्यापीठ आणि सिटीलिंक यांच्यात करार होऊ शकतो. प्रत्येकाकडून थोडे घेतले की पास स्वस्त पडतो आणि बससेवेला ठरलेले उत्पन्न मिळते. आक्षेप एवढाच की नवसारीहून अपडाऊन करणारा आधीच रेल्वेचा पास काढतो. त्याने दुसराही का काढावा?

तिसरा पक्ष: गाड्या फाटकाबाहेर

मुंबईची आयआयटी हे या पक्षाचे आवडते उदाहरण. पवईच्या त्या विस्तीर्ण आवारात वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला मोटारसायकल ठेवता येत नाही. सायकल चालते, आणि ‘टमटम’ म्हणून ओळखली जाणारी आतली गाडी फिरत असते. एसव्हीएनआयटीसारख्या निवासी संस्थेत अशी शिस्त कल्पनेत तरी बसते, कारण विद्यार्थी आतच राहतो. नर्मद विद्यापीठात बहुसंख्य लोक रोज बाहेरून येतात. फाटकाशी गाडी ठेवून पुढे चालायला लावायचे असेल तर टमटमसारखे काही तरी आधी हवे. ते नसताना बंदी घातली तर गाड्या उधना-मगदल्ला रस्त्याच्या कडेला लागतील आणि विद्यापीठाचा प्रश्न महापालिकेच्या गळ्यात पडेल.

मुलींचा मुद्दा इथे वेगळा काढावा लागतो. गुजरातेत मुलीच्या हाती गियर नसलेली स्कूटर आली आणि तिचे शिकण्याचे, नोकरीचे, घराबाहेरचे जग रुंदावले. रात्री आठला घरी परतता येईल या भरवशावर कितीतरी पालकांनी मुलींना पुढे शिकू दिले. वाहनबंदीच्या चर्चेत पर्यावरणवादी मंडळी हे बोलत नाहीत, आणि स्कूटरची बाजू घेणारे हीच एक गोष्ट ढाल म्हणून पुढे करतात. दोघांनाही आतल्या रस्त्यांवरचे दिवे आणि संध्याकाळच्या बसची वारंवारता यांवर बोलायचे नसते.

सायकल आणि बॅटरी

सायकलबद्दल थोडक्यातच. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत सुरत अव्वल अकरा शहरांत होती. शहरात सार्वजनिक सायकल योजनाही आली. पण पुणे विद्यापीठाचा अनुभव लक्षात ठेवावा. डिसेंबर २०१७ मध्ये ४११ एकरांच्या त्या आवारात भाड्याच्या सायकली धूमधडाक्यात आल्या, मुलांनी त्या आवडीने चालवल्याही. पुढे सायकली भाड्याने देणारी ओफोसारखी कंपनी २०१८ मध्ये भारतातूनच निघून गेली. भाड्याची सायकल आवाराच्या आत, ठरावीक ठिकाणांदरम्यान उपयोगी आहे. पण तिची देखभाल करणारा माणूस संस्थेचा हवा, बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या मर्जीवरचा नको.

बॅटरीची स्कूटर घेणाऱ्या विद्यार्थ्यांना गुजरात सरकारने २०२० मध्ये १२ हजार रुपयांचे अनुदान जाहीर केले. २०२१ च्या राज्य धोरणात दुचाकीला २० हजारांपर्यंत सवलत आली. धूर कमी झाला, हा फायदा खराच. जागा मात्र तेवढीच लागते, शिवाय चार्जिंगचा खांब जास्तीचा.

मूल्यांकनाची ओढ

विद्यापीठांना या विषयाकडे वळवले ते खरे तर मूल्यांकनाने. नॅक या उच्चशिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१९ नंतरच्या नियमावलीत ७.१.५ या कलमाखाली वाहनांच्या प्रवेशावर निर्बंध, सायकली व बॅटरीच्या गाड्या, पादचाऱ्यांसाठी वाटा यांना गुण होते. पुरावा म्हणून जिओटॅग केलेली छायाचित्रे जोडायची. परिणामी फलक लागले, एखादी बॅटरीची गाडी आली, फोटो निघाले. इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० पासून चालवलेली ‘ग्रीनमेट्रिक’ ही जागतिक क्रमवारी जरा वेगळे विचारते. तिच्यात वाहतुकीला बरीच वर्षे १८ टक्के वजन राहिले, आणि प्रश्न असे: आवारातल्या माणसांमागे गाड्या किती? एकूण क्षेत्रफळात पार्किंगचे प्रमाण किती? गेल्या तीन वर्षांत पार्किंग घटवण्याचा कार्यक्रम आहे का? फोटो काढून यांची उत्तरे देता येत नाहीत, मोजावे लागते.

अजून न सुटलेले

तीन गोष्टी लोंबकळत आहेत. फाटक ते विभाग या शेवटच्या तुकड्याचा खर्च विद्यापीठाने करायचा, महापालिकेने की विद्यार्थ्याने, यावर एकमत नाही. बस कंपनीची जबाबदारी थांब्यावर संपते, विद्यापीठाची फाटकावर सुरू होते. मधला रस्ता ओलांडणे कोणाच्याच अंदाजपत्रकात नाही. दुसरे, नियम कोणाला लागू हे स्पष्ट नाही. विद्यार्थ्यांवर निर्बंध आणि कर्मचाऱ्यांच्या कार विभागाच्या दारात, असे ठरले तर ते धोरण एक सत्रसुद्धा टिकणार नाही. तिसरे, संलग्न महाविद्यालये. विद्यापीठ फार तर स्वतःच्या आवारापुरते बोलू शकते. पण शहरातली खरी कोंडी जिथे होते त्या अठवालाइन्ससारख्या ठिकाणी अनेक संस्था शेजारी शेजारी आहेत आणि त्यांना एकत्र बसवणारी यंत्रणा नाही. वर्ग सुटण्याच्या वेळा अर्ध्या तासाने पुढेमागे केल्या तरी तिथे फरक पडेल, आणि त्याला पैसा लागत नाही.

बांधणे, शुल्क आणि बंदी हे तिन्ही पक्ष जणू एकमेकांचे शत्रू असल्यासारखे मांडले जातात. माझ्या मते सुरतेपुरता वाद क्रमाचा आहे. रस्ता ओलांडण्याची सोय, सावलीची व उजेडाची पायवाट, आत फिरणारी गाडी आणि फीतला पास हे आधी. मग कारवर शुल्क, कर्मचाऱ्यांसकट. दुचाकीवरचे निर्बंध त्यानंतर, तेही गरज उरली तर. अठवालाइन्सला मात्र हा क्रम लागू नाही. तिथे वेळापत्रक आणि सामाईक पार्किंग यांपासूनच सुरुवात करावी लागेल.

आणि या सगळ्याच्या आधी मोजणी. एसव्हीएनआयटीत वाहतूक नियोजनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, नर्मद विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे. सत्र ऐन भरात असताना सलग एक आठवडा प्रत्येक फाटकावर किती माणसे, कशाने आणि कुठून आली, हे या दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी मोजावे आणि आकडे जाहीर करावेत. तोवर तरी नव्या पार्किंगची निविदा कोणी काढू नये.